सैद्धांतिक भौतिकीच्या संशोधनात एआयमुळे नेमकं कुठलं काम बदलतंय?

अर्धपूर्णांक

नमस्कार मंडळी. 'एआय विज्ञानाचा चेहरामोहरा बदलणार' छापाचे लेख वाचून हाती काहीच लागत नाही, म्हणून प्रश्न मुद्दाम आखूड ठेवतो. प्रयोगांतल्या डेटाची छाननी, कोलायडरमधल्या जेटची वर्गवारी, दुर्बिणीच्या प्रतिमा हे सगळं बाजूला ठेवा. तिथे मशीन लर्निंग केव्हाच रुळलंय. मला सिद्धांताच्या बाजूचं विचारायचंय. म्हणजे जिथे समीकरण माहीत असतं पण त्यातून उत्तर काढताना दमछाक होते, किंवा जिथे समीकरणाचाच पत्ता नसतो.

आज कुठल्या टप्प्यावर याचा खरोखर उपयोग होतोय? न्यूरल नेटवर्क उत्तर देतं, पण ते कितपत चुकलंय ते सांगत नाही, मग त्याच्या जोरावर निष्कर्ष काढायचा तरी कसा? आणि चॅटबॉटला सलग डेरिव्हेशन करायला दिलं तर ते कुठे फसतं? एमएस्सीनंतर या विषयात उतरणाऱ्याने पहिला हात कशावर बसवावा, हेही कुणी सांगितलं तर सोन्याहून पिवळं.

तीनलूप

अँप्लिट्यूडच्या (कणांच्या टकरींच्या संभाव्यता ज्यांतून निघतात त्या राशींच्या) बाजूने उत्तर देतो, कारण तिथलं चित्र सगळ्यात स्वच्छ आहे.

या क्षेत्राचा एक विचित्र गुण आहे. उत्तर शोधायला महिने जातात, पण कुणी ते हातावर आणून ठेवलं तर खरं की खोटं हे मिनिटांत ठरतं. ट्री पातळीवर (आकृतीत एकही बंद लूप नसताना) सहा ग्लुऑनच्या (क्वार्कना बांधणाऱ्या बलाच्या कणांच्या) प्रक्रियेला फाइनमन आकृत्या २२०, सात ग्लुऑनला २,४८५, आठला ३४,३००. तरी ठरावीक हेलिसिटींसाठी (स्पिनच्या दिशांसाठी), ग्लुऑन कितीही असोत, एका ओळीत मावणारं सूत्र पार्क आणि टेलर यांनी १९८६ मध्ये मांडलं. ते आधी अंदाजाने मांडलेलं होतं. सिद्धता बेरेंड्स आणि गीले यांनी १९८८ मध्ये दिली. तसंच दोन लूपच्या सहा-ग्लुऑन गणिताचं: १७ पानं भरणारी पॉलिलॉगरिदमची राशी होती, ती गोंचारोव्ह, स्प्रॅडलिन, व्हर्गू आणि व्होलोविच यांनी २०१० मध्ये 'सिंबल' नावाचं तंत्र वापरून मोजक्या ओळींत बसवली. लहान रूप अस्तित्वात असतं, पण त्याची वाट कुठलंच पाठ्यपुस्तक दाखवत नाही. नेमकी इथेच यंत्राला जागा आहे.

एक ठोस उदाहरण. एन = ४ सुपर यांग-मिल्स सिद्धांताच्या (ग्लुऑनच्या सिद्धांताचं जास्त सिमेट्री असलेलं रूप) प्लॅनर मर्यादेत तीन ग्लुऑनचा फॉर्म फॅक्टर घ्या. त्याचा सिंबल म्हणजे अक्षरांच्या शब्दांची बेरीज असते. वर्णमाला सहा अक्षरांची, एल लूपला शब्दाची लांबी २एल, आणि प्रत्येक शब्दापुढे एक पूर्णांक सहगुणक. चार लूपला संभाव्य शब्द सहाचा आठवा घात, म्हणजे १६,७९,६१६. आठ लूपला हाच आकडा २.८ लाख कोटींवर जातो. बहुतेक सहगुणक शून्य असतात, पण कुठले, हाच तर प्रश्न. २०२४ मध्ये ट्रान्सफॉर्मरला (चॅटबॉटमागचं असतं त्या जातीच्या नेटवर्कला) शब्द देऊन सहगुणक ओळखायला शिकवलं गेलं आणि अचूकता ९८ टक्क्यांच्या वर गेली.

आता ९८ टक्के बरोबर सिंबल म्हणजे उत्तर नव्हे. एक सहगुणक चुकला तरी ती राशी कुठल्याच फंक्शनची राहत नाही. पण हे सहगुणक मोकाट नसतात. इंटिग्रेबिलिटीच्या अटी रेषीय असतात, शिवाय कुठल्या अक्षराशेजारी कुठलं अक्षर येऊ शकत नाही याचे नियम असतात, शेवटच्या अक्षरावर बंधनं असतात. चुकलेला सहगुणक यांतली एखादी अट मोडतो आणि सापडतो. म्हणून नेटवर्कचा अंदाज हा आरंभबिंदू, आणि अटींची सिस्टिम सोडवणं ही मुख्य पायरी.

दुसरी जागा कमी झगमगीत, पण रोजच्या कामाची: लूप इंटिग्रलचं इंटिग्रेशन-बाय-पार्ट्स करून मोजक्या मास्टर इंटिग्रलमध्ये (ज्यांतून बाकीची सगळी निघतात) रूपांतर. लापोर्टा पद्धतीत (२०००) रेषीय समीकरणांचा डोंगर उभा राहतो. सहगुणक डायमेन्शन आणि गतिकीय चलांच्या रॅशनल फंक्शनमध्ये असतात, आणि मधल्या पायऱ्यांत ते इतके फुगतात की मेमरी संपते. आजची वाट अशी: चलांना एखाद्या मोठ्या प्राइमच्या फायनाइट फील्डमधली संख्यात्मक किंमत द्यायची, सिस्टिम सोडवायची, हे असंख्य बिंदूंवर करायचं आणि शेवटी रॅशनल फंक्शन पुन्हा जुळवायचं. यात कुठली समीकरणं निवडायची, कुठल्या क्रमाने सोडवायची हे आजवर अनुभवाने ठरायचं. ती निवड शिकलेल्या मॉडेलवर सोपवता येते, आणि निवड चुकली तर फक्त वेळ वाढतो, उत्तर बिघडत नाही. एआय कुठे लावावं हे ठरवताना मी पहिल्यांदा हेच बघतो: त्याची चूक आपल्याला महाग पडणार आहे, की खोटं पाडणार आहे?

जाळीकर

तीनलूप यांचा शेवटचा निकष लॅटिस क्यूसीडीत (क्वार्क-ग्लुऑनचा सिद्धांत अवकाश-काळाच्या जाळीवर सोडवतात त्या शाखेत) अक्षरशः गणित म्हणून मांडता येतो. मात्र त्याला दोन पळवाटा आहेत आणि दुसरी फार वाईट आहे.

आम्हाला फील्डची कॉन्फिगरेशन्स अ‍ॅक्शनने ठरवलेल्या वितरणातून काढायची असतात. नेहमीची पद्धत हायब्रिड माँटे कार्लो. लॅटिसचं अंतर लहान करत गेलं की लागोपाठची कॉन्फिगरेशन्स एकमेकांना चिकटतात, आणि टोपॉलॉजिकल चार्ज (फील्डला किती पीळ आहे ते मोजणारा आकडा) तर जवळजवळ गोठतोच. त्याचा ऑटोकोरिलेशन काळ (जुनी किंमत विसरायला लागणाऱ्या पायऱ्या) अंतराच्या उणे पाचव्या घाताच्या आसपास वाढतो. म्हणजे अंतर निम्मं केलं की सुमारे ३२ पट, आणि मोठ्या लॅटिसचा खर्च त्यावर वेगळा.

नॉर्मलायझिंग फ्लोची कल्पना अशी: साध्या गॉशियनमधून नमुना काढा, उलट फिरवता येईल अशा नेटवर्कमधून पाठवा, जॅकोबियन माहीत असल्यामुळे बाहेर पडलेल्या नमुन्याची नेमकी संभाव्यता मिळते. मग मेट्रोपोलिस पायरीने तो स्वीकारा किंवा नाकारा. नेटवर्क कितीही कच्चं असलं तरी मर्यादेत वितरण अचूकच. अल्बर्गो, कन्वर आणि शानाहान यांनी २०१९ मध्ये द्विमितीय फाय-चार सिद्धांतावर (एकाच फील्डचा साधा, सरावाचा सिद्धांत), ६ ते १४ बाजूच्या लॅटिसवर हे करून दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी गेज सिमेट्री पाळणारे फ्लो आले.

पहिली पळवाट आकारमानाची. नेटवर्क किती चांगलं ते आम्ही परिणामी नमुना-प्रमाणाने मोजतो (नमुन्याचं वजन म्हणजे त्याची खरी संभाव्यता भागिले नेटवर्कने दिलेली): वजनांच्या बेरजेचा वर्ग, भागिले नमुन्यांची संख्या गुणिले वजनांच्या वर्गांची बेरीज. समजा ८×८ लॅटिसवर ते ०.९ आलं. खूश होऊन तेच नेटवर्क मोठ्या लॅटिसवर लावलं आणि लॅटिस जर साधारण स्वतंत्र ८×८ तुकड्यांसारखी वागत असेल, तर १६×१६ ला चार तुकडे, प्रमाण ०.६६. ३२×३२ ला सोळा तुकडे, ०.१९. ६४×६४ ला चौसष्ट तुकडे, ०.००१२. हजार नमुन्यांत जेमतेम एक कामाचा. म्हणून छोट्या लॅटिसवरची झकास स्वीकृती दाखवणाऱ्या निबंधात मी आधी आकारमानाचा आलेख शोधतो. ही चूक निदान महाग प्रकारची आहे आणि डोळ्यांसमोर दिसते.

दुसरी पळवाट म्हणजे मोड कोलॅप्स. ट्रेनिंग सहसा रिव्हर्स केएल डायव्हर्जन्सवर होतं, म्हणजे नेटवर्कने स्वतः काढलेल्या नमुन्यांवरच त्याला गुण मिळतात. ज्या भागात ते कधी जातच नाही तिथे त्याला दंडही नाही. फाय-चारच्या सिमेट्री मोडलेल्या अवस्थेत धन आणि ऋण असे दोन डोंगर असतात. नेटवर्क एकच डोंगर सुरेख शिकतं, स्वीकृती ८०–९० टक्के दिसते, आणि फील्डची सरासरी शून्याऐवजी भलतीच येते. तात्त्विकदृष्ट्या मेट्रोपोलिस हे कधीतरी सुधारेल, प्रत्यक्षात विश्वाच्या वयात नाही. स्वीकृतीच्या आकड्यात याचा मागमूस नसतो.

पकडायची रीत: थोडी कॉन्फिगरेशन्स हायब्रिड माँटे कार्लोने, वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून काढा, आणि नेटवर्क त्यांना किती संभाव्यता देतं ते पाहा. एखाद्या कॉन्फिगरेशनचं वजन बाकीच्यांच्या लाखो पट आलं, तर तो प्रदेश नेटवर्कच्या गावीच नाही. माहीत असलेली सिमेट्री (इथे फील्डचं चिन्ह उलटवणं) नेटवर्कच्या रचनेतच घाला, ती शिकायला सोडू नका. गेज सिद्धांतात टोपॉलॉजिकल चार्जचा हिस्टोग्राम धन-ऋण समतोल आहे का ते बघा. एवढं केल्याशिवाय कुठलाही सरासरीचा आकडा छापू नये.

निरुत्तर

वरचं सगळं ठीक, पण हे 'संशोधन बदलणं' नव्हे, ही मोठ्या ताकदीची आकडेमोड. नवा सिद्धांत कुठे आहे?

सिंबॉलिक रिग्रेशनचा (आकड्यांवरून सूत्र शोधण्याचा) फार गवगवा होतो. उद्रेस्कू आणि टेगमार्क यांच्या २०२० मधल्या एआय फाइनमन या प्रोग्रॅमने फाइनमनच्या व्याख्यानांतली १०० सूत्रं आकड्यांवरून शोधून काढली, आधीच्या सॉफ्टवेअरला त्यांतली ७१ जमली होती. कौतुक आहेच. पण कुठली चलं घ्यायची ते माणसाने आधीच टेबलात मांडून दिलं होतं. भौतिकीतली अर्धी लढाई तिथेच संपते. हायड्रोजनच्या चार रेषांवरून बामरने १८८५ मध्ये सूत्र बसवलं, ३६४.५६ नॅनोमीटर हा स्थिरांक धरून. ते शुद्ध सिंबॉलिक रिग्रेशन होतं. ती संख्या इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा भार आणि प्लँकचा स्थिरांक यांतून का निघते हे सांगायला १९१३ आणि बोर लागला. मधली २८ वर्षं कुठलं नेटवर्क कमी करणार आहे?

तीनलूप

@निरुत्तर, बामर नसता तर बोरने काय जुळवून पाहिलं असतं? नेमकं, लहान सूत्र हीच सिद्धांताला लागणारी कच्ची सामग्री असते, आणि सूत्र शोधणं स्वस्त झालं तर त्याने बराच फरक पडतो. मात्र चलांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच सिंबॉलिक रिग्रेशन वापरणाऱ्याने आधी बकिंगहॅम पाय प्रमेय लावून चलं डायमेन्शनरहित करावीत. सात चलांचा शोध चारावर आला की शोधाचा अवकाश कैक पटींनी आक्रसतो. आणि प्रोग्रॅम देतो ते एकच सूत्र घेऊ नये. गुंतागुंत विरुद्ध चूक असा पूर्ण पॅरेटो आलेख मागावा आणि जिथे एक पद वाढवल्यावर चूक एकदम कोसळते ती पायरी पाहावी. सगळीकडे चूक हळूहळूच उतरत असेल तर तिथे सूत्र नाही, नुसतं कर्व्ह फिटिंग आहे.

अर्धपूर्णांक

जाळीकरांचा मोड कोलॅप्सचा मुद्दा मला नवा होता, धन्यवाद. चॅटबॉटकडून डेरिव्हेशन करून घेण्याबद्दल कुणी लिहील का? सगळे वापरतात, सांगत कुणी नाही.

तीनलूप

लिहितो. आधी साधं अंकगणित: प्रत्येक पायरी ९८ टक्के बरोबर धरली तरी ३० पायऱ्यांच्या डेरिव्हेशनचा शेवट बरोबर असण्याची शक्यता ५५ टक्के. म्हणजे नाणेफेक. तेव्हा सलग बीजगणित मजकुरात करून घेणं ही मुळातच चुकीची मागणी आहे. त्याऐवजी फॉर्म किंवा सिमपाय (चिन्हांचं बीजगणित करणारे प्रोग्रॅम) यांच्यासाठी कोड लिहून घ्या आणि बीजगणित त्या प्रोग्रॅमला करू द्या. कोड चुकला तर निदान पुन्हा चालवून, तोडून बघता येतो.

चुका कुठे होतात, तर ठरलेल्या जागी. मेट्रिकचं चिन्ह पहिल्या पानावर एक आणि चौथ्यावर दुसरं. कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्हमध्ये कपलिंगचं चिन्ह उणे की अधिक. एप्सिलॉन म्हणजे ४ उणे डी, की त्याचं निम्मं. फूरियरचे २ पाय कुणाच्या वाट्याला. जनरेटरच्या ट्रेसमधला अर्धा. डायमेन्शनल रेग्युलरायझेशनमध्ये गॅमा-पाच कशी हाताळली. लेव्ही-चिव्हिटाचं चिन्ह. मॉडेल वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकलेलं असतं आणि पुस्तकांचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे सुरुवातीलाच हे सगळे संकेत लिहून द्यावेत आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा चिकटवावेत.

दुसरा सापळा जास्त कपटी. प्रश्न ओळखीच्या प्रश्नासारखा दिसला की मॉडेल ओळखीचं उत्तर देतं. फाय-चारची कपलिंग लॅम्डा भागिले ४! अशी घेतली तर एका लूपच्या बीटा फंक्शनमध्ये (ऊर्जेप्रमाणे कपलिंग कशी बदलते ते सांगणाऱ्या) ३ लॅम्डा वर्ग भागिले १६ पाय वर्ग येतं. तुम्ही भागिले ४ घेतलंत तर त्या ३ च्या जागी १८ यायला हवा. प्रश्नात हा बदल करून पाहा. सवयीने ३ येऊ शकतो, आणि मधल्या पायऱ्या तो ३ यावा अशाच वळवलेल्या असू शकतात. म्हणून अपेक्षित उत्तर मॉडेलला आधी सांगू नये. सांगितलंत तर कुठूनतरी हरवलेला २ तुम्हाला हवा तिथे प्रगट होतो.

तपासणी मी या क्रमाने लावतो, स्वस्त आधी. डायमेन्शन. मग माहीत असलेल्या मर्यादा: एक मोमेंटम शून्याकडे नेला की सॉफ्ट फॅक्टर बाहेर पडतो का, दोन समांतर केले की कॉलिनियर वागणूक बरोबर येते का. मग गेज पॅरामीटर झाय शेवटपर्यंत चिन्हरूपात ठेवणं. भौतिक उत्तरात तो कटलाच पाहिजे. फाइनमन गेजमध्ये काम पटकन होतं खरं, पण ही तपासणी आपण स्वतःच फेकून देतो. मग वॉर्ड आयडेंटिटी (गेज सिमेट्रीमुळे पाळावीच लागणारी नाती). शेवटी संख्यात्मक ताडणी: चलांना यादृच्छिक रॅशनल किंमती द्या (मोमेंटम संवर्धन पाळून), आणि मूळ इंटिग्रल व मिळालेलं सूत्र दोन्ही स्वतंत्र कोडने काढा. तीन-चार बिंदू पुरतात.

उत्तर झीटा आणि पाय यांच्या रॅशनल मिश्रणात बसेल असं वाटत असेल तर पीएसएलक्यू (संख्यांमधली पूर्णांक नाती शोधणारा अल्गोरिदम) वापरा, पण अंक पुरेसे घ्या. १२ स्थिरांक आणि सहा अंकी पूर्णांक अपेक्षित असतील तर किमान ७२ अंक लागतात. ७५ अंकांवर मिळालेलं नातं योगायोग असू शकतं. १५० अंक काढा, ७५ वर नातं शोधा आणि उरलेल्या ७५ अंकांवर ते टिकतं का पाहा.

आणि हे सगळं फक्त यंत्रासाठी नाही. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय मोमेंटची दोन लूपची दुरुस्ती कार्प्लस आणि क्रोल यांनी १९५० मध्ये काढली, सहगुणक उणे २.९७३. आकृत्या अवघ्या सात. १९५७ मध्ये पीटरमन आणि सॉमरफिल्ड यांनी वेगवेगळं काम करून तो उणे ०.३२८ असल्याचं दाखवलं. पाच लूपला आकृत्या १२,६७२ आहेत, तिथे हाताने कोण काय ताडणार?

कुंडलितमिती

स्ट्रिंगच्या बाजूची भर घालतो, कारण तिथे दोन अगदी वेगळ्या प्रतीची कामं एकाच नावाखाली खपतात.

क्रॉयझर-स्कार्के यादीत चार मितींचे ४७,३८,००,७७६ रिफ्लेक्झिव्ह पॉलिटोप (बहुमितीय बहुफलक) आहेत, आणि त्यांतून कालाबी-याउ अवकाश (स्ट्रिंग सिद्धांतातल्या जादा मिती ज्यांत गुंडाळलेल्या धरतात ते) बनतात. २०१७ च्या सुमारास अशा याद्यांवर नेटवर्क शिकवून हॉज संख्या (अवकाशाची टोपॉलॉजी सांगणारे पूर्णांक) ओळखण्याची लाट आली. माझ्या मते त्यातलं पुष्कळसं शोभेचं काम. हॉज संख्या नेहमीच्या पद्धतीने अचूक काढता येतात, तिथे ९५ टक्के अंदाज कुणाला हवाय?

मेट्रिकचं (त्या अवकाशात अंतर मोजण्याच्या नियमाचं) काम मात्र अस्सल आहे. याउच्या सिद्धतेमुळे (१९७७) रिची-फ्लॅट मेट्रिक असतं हे ठाऊक आहे, पण सर्वसाधारण कॉम्पॅक्ट कालाबी-याउ थ्रीफोल्डसाठी ते सूत्ररूपात कुणाकडेही नाही. आणि मेट्रिक नसेल तर युकावा कपलिंगचं नॉर्मलायझेशन होत नाही, म्हणजे क्वार्कची वस्तुमानं निघत नाहीत. डोनाल्डसनच्या जुन्या पद्धतीत बहुपदींची डिग्री के वाढवली की सेक्शन (त्या डिग्रीच्या बहुपदी) के च्या घनाने आणि मॅट्रिक्सचे घटक के च्या सहाव्या घाताने वाढतात, त्यामुळे ती लवकर धापा टाकते. न्यूरल नेटवर्कने इथे खरोखर वाट मोकळी केली.

करायचं असेल तर मेट्रिकचे घटक सुटे शिकवू नका. तसं केलं की केलर अट आणि पॅचमधली जुळणी या दोन्हींसाठी वेगळे लॉस लागतात आणि ते एकमेकांशी भांडतात. फुबिनी-स्टडी मेट्रिकमध्ये एका स्केलर फंक्शनचे दुसरे डेरिव्हेटिव्ह मिळवा आणि नेटवर्कला फक्त ते फंक्शन शिकवा; केलर अट आपोआप पाळली जाते. फंक्शन सगळ्या पॅचमध्ये एकच राहील एवढं मात्र इनपुट निवडतानाच पाहावं लागतं. लॉस एकच उरतो, माँज-अँपेअर समीकरणाचा: मेट्रिकचं घनफळ आणि होलोमॉर्फिक फॉर्मने दिलेलं घनफळ यांचं गुणोत्तर सगळीकडे सारखं हवं.

ट्रेनिंगमधला लॉस खाली गेला म्हणून मात्र विश्वास टाकू नका. क्विंटिकसाठी (सगळ्यात परिचित कालाबी-याउ थ्रीफोल्ड) वक्रतेपासून ऑयलर संख्या संख्यात्मक काढा: उणे २०० यायला हवी. ही संख्या टोपॉलॉजिकल असल्यामुळे मेट्रिक थोडं बिघडलेलं असलं तरी ती हलू नये. ती उणे १८० आली तर दोष नेटवर्कमध्ये नाही, बिंदू काढण्याच्या वजनांत किंवा डेरिव्हेटिव्हच्या कोडमध्ये आहे. म्हणजे कुठे शोधायचं हेही कळतं.

२०२४ मध्ये अशा मेट्रिकवरून हेटेरॉटिक स्ट्रिंगच्या काही मॉडेलांत क्वार्क वस्तुमानांची गणितं प्रत्यक्ष झाली. मोड्युलाय (अवकाशाचं आकारमान आणि घडण ठरवणारे पॅरामीटर) कुठे स्थिर होतात हा प्रश्न मात्र तसाच आहे. वस्तुमानं आपण निवडलेल्या बिंदूवरची असतात, निसर्गाने निवडलेल्या नव्हे, आणि त्यावर नेटवर्ककडे औषध नाही.

क्षज्ञ

लीनसारख्या प्रूफ असिस्टंटमध्ये (सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळं लिहिलं की तपासणीचा प्रश्नच मिटेल, असं नाही का? गणितात तर ते चाललंय.

तीनलूप

काही भागापुरतं. विकचं प्रमेय, लॉरेंट्झ ग्रुप, टेन्सरच्या निर्देशांकांची कसरत अशा गोष्टी लीनमध्ये आल्याही आहेत. पण लीनला व्याख्या लागते, आणि चार मितींतल्या परस्परक्रिया करणाऱ्या गेज सिद्धांताची काटेकोर व्याख्याच अजून कुणाकडे नाही. क्ले संस्थेने २००० मध्ये लावलेलं यांग-मिल्सचं बक्षीस त्यासाठीच पडून आहे. आम्ही पाथ इंटिग्रल म्हणून जे लिहितो त्याला लीन विचारेल, हे माप कुठलं? फायनाइट लॅटिस, फॉर्मल पॉवर सिरीज किंवा शुद्ध बीजगणित असेल तिथे जरूर वापरा.

मार्शलचिन्ह

शेवटचा प्रश्न, सुरुवात कशाने करावी, तसाच राहिलाय. माझं मत: न्यूरल क्वांटम स्टेट. कारण इथे नेटवर्क स्वतःचा पुरावा सोबत आणतं.

कार्लेओ आणि ट्रॉयर यांची २०१७ मधली कल्पना: वेव्हफंक्शन म्हणजे स्पिनच्या मांडणीवरून एक कॉम्प्लेक्स संख्या, तर ते फंक्शनच नेटवर्क होऊ द्या आणि ऊर्जा किमान करा. व्हेरिएशनल तत्त्वामुळे ऊर्जा (सांख्यिकी चूक सोडली तर) खऱ्या ग्राउंड स्टेटच्या खाली जाऊच शकत नाही. शिवाय अचूक आयगेनस्टेटवर ऊर्जेचा व्हेरियन्स शून्य होतो, त्यामुळे आपण आयगेनस्टेटपासून किती दूर आहोत ते उत्तर माहीत नसतानाही कळतं.

चौरस लॅटिसवरचं अँटिफेरोमॅग्नेटिक हायझेनबर्ग मॉडेल घ्या, पिरिऑडिक सीमा. ४×४ ला एकूण स्थिती ६५,५३६, शून्य मॅग्नेटायझेशनच्या १२,८७०; लॅपटॉपवर अचूक सुटतं, प्रति साइट ऊर्जा उणे ०.७०१७८०. ते जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. मग ६×६, उणे ०.६७८८७२. मग १०×१०, जिथे अचूक डायगोनलायझेशन अशक्य आहे पण क्वांटम माँटे कार्लो उणे ०.६७१५४९ देतं. तीन पायऱ्या, तिन्हींना ठाऊक उत्तर.

गोंधळ होतो तो चिन्हाचा. दोन उपलॅटिसांच्या या मॉडेलमध्ये मार्शलच्या नियमाने (१९५५) वेव्हफंक्शनची चिन्हं आधीच माहीत असतात. एका उपलॅटिसवर बेसिस फिरवून घेतला की नेटवर्कला फक्त धन संख्या शिकायच्या. हे विसरलात तर ऑप्टिमायझेशन भलत्याच ऊर्जेवर अडकतं आणि दोष नेटवर्कच्या आकाराला दिला जातो. जवळच्या शेजाऱ्यांमधल्या कपलिंग जे१ सोबत तिरप्या शेजाऱ्यांमधली जे२ घातली की नियमच राहत नाही, आणि जे२ भागिले जे१ ०.५ च्या आसपास स्पर्धेतल्या अवस्थांच्या ऊर्जा तिसऱ्या-चौथ्या दशांशात भिडतात. तिथे ऊर्जा छान आली म्हणून फेज बरोबर असं म्हणता येत नाही. स्पिन कोरिलेशन, डायमर कोरिलेशन आणि आकारमानासोबतचा कल हे तिन्ही दाखवावं लागतं. अजून भांडण चालू असलेला प्रश्न आहे, नवख्याने त्यात पहिल्या वर्षी उडी घेऊ नये.

अर्धपूर्णांक

छान, यानेच सुरुवात करतो. १०×१० ला जीपीयू किती मोठा लागेल? रिस्ट्रिक्टेड बोल्ट्झमन मशीन (एकाच हिडन थराचं नेटवर्क) घेणार आहे, अल्फा ४, म्हणजे हिडन युनिट स्पिनच्या चौपट.

मार्शलचिन्ह

पॅरामीटर मोजा. १०० स्पिन, ४०० हिडन युनिट: वेट ४०,०००, बायस ४०० आणि १००, एकूण ४०,५००. स्टोकॅस्टिक रीकॉन्फिगरेशनसाठी (ऊर्जा किमान करण्याची इथली नेहमीची पद्धत) ४०,५०० बाजूचं कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स लागतं. एका घटकाला १६ बाइट धरले तर सुमारे २६ जीबी. साध्या कार्डावर बसणार नाही.

दोन उपाय. ट्रान्सलेशन सिमेट्री घातलीत तर चार फिल्टर गुणिले १०० वेट, चार बायस आणि एक सामाईक बायस, एकूण ४०५ पॅरामीटर. मॅट्रिक्स मग काही एमबीचं. किंवा तेच समीकरण नमुन्यांच्या अवकाशात सोडवा: ४,००० नमुने असतील तर ४,००० बाजूचं मॅट्रिक्स, २५६ एमबी, पॅरामीटर कितीही असोत. कर्णावर १० चा उणे ३ ते उणे ४ घाताएवढी भर घालायला विसरू नका, नाहीतर मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर होऊन पहिल्या शंभर पायऱ्यांतच ऊर्जा उडते.

आणि ४×४ वर उणे ०.७०१७ ऐवजी उणे २.८०७ आलं तर घाबरू नका. काही पॅकेजांत हॅमिल्टोनियन पॉली मॅट्रिक्समध्ये लिहिलेला असतो, चारने भागा.